साहेबांचा आवाज

हवालदार सातव्यांदा चुकला, तेव्हा काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टबाईंनी पेन टेबलावर आपटलं.

"काका, 'गाडी थांबवा साहेब, समोर भिंत आहे.' एवढंच म्हणायचंय."

"मग मी काय म्हणालो?"

"भिंत थांबवा म्हणालात."

"पाच मिनिटं द्या. जीभ वळत नाहीये आज."

पडद्यावर दोन पोलीस जागच्या जागी थिजले होते. एक आडदांड, शिस्तीचा, सदा गुरगुरणारा साहेब. दुसरा काटकुळा, तोंडाळ हवालदार. एकमेकांचं तोंड बघायची इच्छा नसताना एकाच गाडीत कोंबलेले. त्यांचा हा चौथा सिनेमा. परक्या भाषेतल्या या जोडीला आपल्या भाषेत बोलतं करायचं काम माइकसमोरचे हे दोघं डबिंग कलाकार चौदा वर्षं करत होते, आणि स्टुडिओत त्यांना नावंही तीच पडली होती. गंमत एवढीच की साहेबांचा आवाज देणारे गृहस्थ फुंकर मारली तर उडतील असे होते, रोज उशिरा यायचे आणि आल्यावर तासभर गप्पा हाणायचे. हवालदार मात्र गोलमटोल, वेळेचा पक्का आणि कामापुरतं बोलणारा. भांडण खरं वाटावं म्हणून दोघांना एकाच माइकसमोर उभं करायची इथली पद्धत होती. त्यामुळे चौदा वर्षं खांद्याला खांदा लागत होता, पण दोघांचं फारसं कधी जमलं नव्हतं.

साहेब खुर्चीत टेकले आणि डोळे मिटून कोमट पाणी पीत राहिले. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं होतं आणि सांगितलं होतं की ओरडणं बंद केलं नाहीत तर उरलेला आवाजही जाईल. हे त्यांनी बायकोखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं. कंपनीला नुसता वास लागता तरी नवा साहेब उद्याच माइकसमोर उभा राहिला असता. त्या गुरगुरण्याशिवाय आपल्याला कुणी ओळखतही नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

हवालदाराच्या चुका त्यांच्या पथ्यावरच पडत होत्या. दर चुकीला घशाला पाच-दहा मिनिटं मिळत होती. एरवी हा प्राणी एका दमात वाक्य उडवून घड्याळाकडे बघणारा. म्हातारा झाला बेटा, असं मनात येऊन साहेबांना जरा बरंही वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत हवालदार हात धुवायला गेला. पुढचा प्रसंग बघावा म्हणून साहेबांनी हाताला लागली ती संहिता उघडली. ती त्याची निघाली. त्याच्या वाक्यांवर जागोजागी पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या. प्रत्येक फुलीनंतर साहेबांचं ओरडण्याचं वाक्य होतं. शेवटच्या पाठलागात साहेबांना सलग पाऊण पान ओरडायचं होतं. त्याच्या आधी दोन फुल्या, आणि शेजारी नीटस अक्षरात लिहिलं होतं: 'इथे दोनदा.'

साहेबांनी संहिता होती तशी ठेवून दिली.

दुपारभर हवालदार ठरल्या जागी चुकत राहिला. साहेब ठरल्या जागी पाणी पीत राहिले. सहा वाजता काम संपलं. हवालदार पिशवी आणायला बाहेर गेला, तशा रेकॉर्डिस्टबाई आत आल्या.

"काका, कंपनीचा फोन होता. दिवस का वाया गेला विचारत होते. मी आहे ते सांगितलं. पुढच्या सिनेमाला तुम्ही आहातच, पण हवालदारकाकांच्या जागी दुसरा आवाज बघा म्हणाले. मला वाईट वाटतंय हो. पण तुमच्याही लक्षात आलंच असेल ना?"

नुसती मान हलवून घरी जाता आलं असतं. क्षणभर साहेबांना तसं करावंसं वाटलंही.

"माझी ओरडायची वाक्यं तेवढी काढा," ते म्हणाले. "मधलं सगळं गाळून एकामागोमाग लावा."

बाईंनी लावली. पहिल्या वाक्याला काच थरथरली. चौथ्याला आवाजाच्या कडा फाटल्या. नवव्याला गुरगुर कुठे संपते आणि नुसती हवा कुठे सुरू होते, ते कळेना. दिवसभर बाईंचे कान दुसऱ्याच्याच चुका मोजत होते. त्यांनी सावकाश साहेबांकडे पाहिलं.

"तो मुद्दाम चुकत होता," साहेब म्हणाले. "माझ्यासाठी."

हवालदार केव्हाच दारात येऊन उभा राहिला होता. शेवटचं वाक्य संपेपर्यंत तो हलला नाही.

"मूर्ख माणसा," तो म्हणाला. "दिवसभर मी माती खाल्ली, ती काय हौस म्हणून?"

"तुला काढणार होते."

"काढू देत की!"

बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "काका, आता कंपनीला काय कळवू? साहेबांसाठी नवा आवाज शोधा म्हणून?"

"दोन शोधा म्हणावं," हवालदार म्हणाला. "नवा साहेब अंगवळणी पडायला मी आणखी चौदा वर्षं कुठून आणू?"

साहेबांनी तोंड उघडलं.

"तू बोलू नकोस," हवालदार म्हणाला, आणि दार धरून त्यांची वाट बघत उभा राहिला.