उघड्या पत्र्यावरचे हात

माझा जावई ओस्निएल अकरा वर्षं माझ्या घरात जेवतोय, पण जेवलेलं ताट उचलून मोरीत ठेवणं त्याला एकदाही जमलेलं नाही. नळ गळायला लागला तर चिंधी मी बांधायची. छपरावर चढायचं तर तेही मीच, एकाहत्तराव्या वर्षी. असा हा माणूस एके दिवशी सकाळी सहाला उठून मला म्हणाला, "सासूबाई, गाडीचा सगळा रंग काढतो. पार पत्र्यापर्यंत." मला तिथेच कळायला हवं होतं. कळलं नाही, ही माझी चूक, आणि मी चुका फारशा करत नाही.

गाडी म्हणजे चोपन्न सालची शेव्हर्ले. आमचे हे, एवेलिओ, कायबारिएन गावातले गाड्यांचे नावाजलेले पत्रेवाले. त्यांनी तिला भंगारातून उभी केली. त्याच गाडीवर मुलगी वाढली आणि घरावर स्लॅब चढला. ते गेल्यावर गाडीचा कागद माझ्या नावावर झाला. ओस्निएल ती चालवतो, समुद्रातल्या बांधावरून बेटांवरच्या हॉटेलांत कामाला जाणाऱ्या बायकांना नेतो-आणतो, आणि माझी चूल त्यावरच पेटते.

"पत्र्यापर्यंत कशाला? वरवर घास आणि मार रंग. आमचे हे तीस वर्षं तेच करायचे," मी म्हटलं.

"म्हणूनच तर ती गाडी वाटत नाही, होडी वाटते."

ते खोटं नव्हतं. दुसरा रंग मिळायचाच नाही, म्हणून आमचे हे कोळ्यांकडचा होड्यांचा निळा रंग आणून थरावर थर चढवायचे, तोही ब्रशने.

"बरं. प्रायमर कुठे आहे?"

"येतोय, रेमेदिओसहून."

"आधी प्रायमर घरात आणतात, मग रंगाला हात लावतात. समुद्र दाराशी आहे आपल्या. उघडा पत्रा इथे एक रात्र धड राहत नाही."

"तुम्ही स्वयंपाकघर सांभाळा ना, सासूबाई."

मी काय सांभाळायचं ते मला सांगणारा अजून जन्मायचा आहे. मी हातमोजे चढवले आणि अंगणात उतरले.

चार दिवस आम्ही ती गाडी सोलली. युकाच्या कंदाच्या खळीत कास्टिक सोडा कालवायचा, थापायचा, रंगाला फोड आले की काचेच्या तुकड्याने खरवडायचं, मग पाणी आणि व्हिनेगर ओतून धुवायचं. डोळ्यांची आग व्हायची, घशात खाज सुटायची. निळा निघाला तो खेकड्याच्या कवचासारखा, जाड आणि कडक. त्याखाली हिरवा, त्याखाली मूळचा साईसारखा.

"असं उभं खरवडू नका, ओरखडे पडतात," ओस्निएल म्हणायचा.

"तू दूध पीत होतास तेव्हापासून खरवडतेय मी. तुझी बाजू बघ."

माझी मुलगी मारेलिस पाण्याच्या बादल्या आणून ठेवायची आणि न बोलता आत जायची. एरवी तिच्या तोंडाला कुलूप लावायला लागतं.

सोमवारी संध्याकाळी पत्रा उघडा पडला. आणि काय पत्रा होता! मागच्या एका मडगार्डवर बैलगाडीचा दांडा लागला होता, तिथे तळहाताएवढी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. बाकी सगळं लोखंड, ठोकून ठोकून सरळ केलेलं. ओस्निएलने सगळीकडे बोटाच्या पेराने टकटक केलं आणि हसला. आमच्या ह्यांच्या कामावर खूश होऊन हसताना मी त्याला पहिल्यांदाच बघितलं, आणि वेडी मी, मलाही बरं वाटलं.

"आता कोणी उघड्या हाताने शिवायचं नाही," मी बजावलं. "घामाचं बोट लागलं की सकाळी तिथे गंज उठतो, बोटासकट."

मंगळवारी त्याने एक कागद पुढे केला. "रंग बदलला की कागदावरही बदलावा लागतो. इथे सही करा. कचेरीत माझा ओळखीचा आहे, बाकीचं तो बघेल."

"आज मंगळवार. मंगळवारी लग्न नाही, प्रवास नाही, आणि या एदेलमिराची सहीही नाही. उद्या बघू."

"कुठल्या जमान्यात आहात!"

"ज्या जमान्यात जावई सासूला घाई करत नसत त्या."

कागद घडी करून मी छातीशी खोचला आणि औषधाच्या रांगेत जाऊन उभी राहिले. ती रांग सरायला तीन तास लागले.

बुधवारी सकाळी कॉफी घेऊन गाडीपाशी गेले आणि कप तसाच हातात राहिला. पत्र्यावर हात उठले होते. तांबूस, रेघा मोजता येतील इतके स्पष्ट. डाव्या दाराखाली, पत्रा आत वळतो तिथे, चार बोटं. उजव्या दाराखाली तशीच चार. बॉनेटच्या कडेला आणखी. आणि मागच्या मडगार्डवर, त्या लांबीशेजारी, पुरा पंजा. कोणीतरी खाली वाकून गाडीच्या पोटात बघितलं होतं आणि उठताना टेकू घेतला होता.

धूळ पुसणारा माणूस असा हात लावत नाही. गिऱ्हाईक लावतं. पन्नास वर्षं मी ती माणसं माझ्या अंगणात पाहिली आहेत. दाराखाली बोटं घालून कुजलेला पत्रा शोधणारी, वाकणारी, उठणारी.

"ओस्निएल! इकडे ये. हे हात कुणाचे?"

"माझेच असतील. काल जरा टेकलो होतो."

"मग ठेव त्यावर हात."

"हा काय पोरखेळ आहे?"

मी त्याचं मनगट धरलं आणि पंजा त्या पंजावर दाबला. चारी बाजूंनी गंज बाहेर राहिला, बोटाची अर्धी अर्धी पेरं.

"रात्रीत आटला वाटतं तुझा हात?"

त्याने हात सोडवून घेतला आणि पँटला पुसला.

"आणि प्रायमर? रेमेदिओस इथून दोन पावलांवर. पाच दिवस झाले, चालत निघाला असता तरी पोहोचला असता."

तो खाली बघायला लागला आणि माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. प्रायमर येणारच नव्हता. रंग काढला तो नव्या रंगासाठी नव्हताच. रंगाखाली लोखंड किती आणि लांबी किती, हे बघितल्याशिवाय एवढ्या जुन्या गाडीला कोण हात घालतो? गिऱ्हाइकाला उघडा पत्रा हवा होता, आणि काल मी औषधाच्या रांगेत असताना ते येऊन बघूनही गेलं होतं. आणि मी, अक्कल विकून खाल्ल्यासारखी, माझ्याच हाताने माझी गाडी त्याच्यासाठी सोलून दिली होती.

मी मारेलिसला हाक मारली आणि छातीशी खोचलेला कागद तिच्या हातात दिला. "वाच."

तिने नवऱ्याकडे बघितलं. "रंगाचाच आहे, आई."

"मोठ्याने वाच."

"गाडीचा रंग... निळ्याचा... लाल..."

तिथेच तिने कागद खाली केला. मी कागद काढून घेतला. शाळेत मी तिसरीपर्यंत गेले, तीही शेतात काम नसेल तेव्हा. पण आमच्या अर्ध्या गल्लीच्या दारांवर एकच गोष्ट लिहिली आहे, कुठे रंगाने, कुठे कोळशाने: विकणे आहे. माणसं देश सोडून जातात, पाटी राहते. रोज सकाळी पावाला जाताना मी ती वीसदा बघते. कागदाच्या तिसऱ्या ओळीत तीच अक्षरं बसली होती.

"हो, विकतोय!" ओस्निएल एकदम ओरडला. "इथे उरलंय काय? मारेलिस चाळीशीला आली. गाडीच्या पैशात आम्ही दोघं देशाबाहेर निघू शकतो, दोघं!"

"आणि मी?"

"तुम्हाला तिकडून पाठवू ना. दर महिन्याला."

"कोपऱ्यावरून मीठ आणायला तुला दोन दिवस लागतात, आणि समुद्रापलीकडून तू मला तांदूळ पाठवणार!"

"तुम्ही कधी हो म्हणाला असतात का? सांगा ना! अकरा वर्षांत एकदा तरी?"

मारेलिस दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी कॉफीचा कप बॉनेटवर ठेवला, कागदाचे चार तुकडे केले, आणि ओस्निएलला सांगितलं:

"ऐक, ओस्निएल. सरळ तोंडाने मागितली असतीस, तर दोन दिवस मी तुला गल्लीला ऐकू जातील अशा शिव्या दिल्या असत्या, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः कचेरीत येऊन सही केली असती. दारांवरच्या त्या पाट्या मलाही वाचता येतात. पण तू मला अडाणी समजून चोरायला आलास. ही आत्ता माझ्या तोंडावर खोटं वाचत होती, ते मी गिळीन, कारण हिला मी पोटात वाढवलं आहे. तुला नाही वाढवलं. दुपारच्या आत तुझे कपडे उचल. ही तुझ्याबरोबर निघाली तर मी अडवणार नाही, आणि ही परत आली तर दार उघडीन. तू आलास तर आतून अडसर घालीन."