काक्षीचा दहावा

“चांदणीला बोट दावू नगंस गं, बाय. तिला वाटंल, पावनं बघाया आल्यात. लाजून आत जाईल.”

खळ्यावर, उपणलेल्या ज्वारीच्या राशीशेजारी निजताना आई असं म्हणायची. त्यामुळे वाघोलीच्या कॉलेजात, ‘तारे आणि दीर्घिका : तोंडओळख’ या वर्गात, अस्मिता मॅडमनी पडद्यावरच्या मृगाला लेझरचा लाल ठिपका लावला तेव्हा पहिल्या बाकावरच्या आनंदीबाईंनी पदर पुढे ओढून घेतला. चांदणीच्या वतीनं.

आनंदीबाई त्या बाकावर होत्या त्या जमिनीमुळे. कॉलेज उभं आहे ती जमीन त्यांच्या मालकांची, बजरंगरावांची. देताना त्यांनी अट घातली होती की घरातलं एक माणूस कुठल्याही वर्गात, कधीही बसेल. अट पुतण्यासाठी होती. पुतण्या खराडीला नोकरीला लागला आणि मोकळ्या पडलेल्या अटीवर आनंदीबाई जाऊन बसल्या.

“हा तांबूस तारा म्हणजे काक्षी,” मॅडम म्हणाल्या. “म्हातारा आहे. एक दिवस फुटून संपणार. लाख वर्षांनी संपेल, किंवा आत्तापर्यंत संपलाही असेल. त्याचा प्रकाश इथे यायला शेकडो वर्षं लागतात. तो गेला तरी आपल्याला दिसतच राहणार.”

“म्हंजी ती गेलीय, अन् आपल्याला सांगावाच न्हाई?” आनंदीबाईंनी विचारलं.

“तसंच म्हणा.”

मॅडम शनिवार पेठेतल्या. तिथे ‘तसंच म्हणा’ म्हटलं की विषय संपतो. वाघोलीत तो सुरू झाला.

आनंदीबाईंची आई गेली तेव्हा घरात नणंदेचं लग्न होतं. बजरंगरावांनी त्यांना ते सांगितलं हळद, अक्षता, मांडवपरतणी असं सगळं उरकल्यावर. सांगावाच उशिरा आला, म्हणाले. त्या माहेरी पोचल्या तर दहावा होऊन गेलेला, आईची लुगडी बहिणींत वाटून झालेली. कावळा शिवला का, एवढंच त्यांनी विचारलं. “शिवला असंल की,” भाऊ म्हणाला. तो ‘असंल’ त्यांच्या पोटात अजून तसाच होता, न विरघळलेल्या खड्यासारखा. ते नाही तर नाही, निदान आभाळातल्या या लेकीचा, काक्षीचा, दहावा वेळेवर व्हायला हवा होता. आणि कावळा शिवताना त्यांना आपल्या डोळ्यांनी बघायचा होता.

गुरुजींना काही अडलं नाही. “गेल्याची तिथी ठाऊक नसेल तर बातमी ऐकली तो दिवस धरायचा.”

“मंगळवार, दुसरं लेक्चर,” वर्गातली पोरं म्हणाली.

“गोत्र?”

कुणालाच माहीत नव्हतं.

“कश्यप लावू.”

चौकात फ्लेक्स लागला. मधोमध दुर्बिणीतून काढलेला काक्षीचा फोटो, पुसट तांबडा गोळा. भोवती गॉगल लावलेले शोकाकुल कार्यकर्ते. खाली प्रथम वर्ष विज्ञान आणि समस्त ग्रामस्थ. मॅडमनी स्कूटर कडेला घेतली आणि फ्लेक्सखाली उभ्या असलेल्या बजरंगरावांना गाठलं.

“अहो, ती गेली असं मी म्हटलंच नाही. गेली असेल, म्हटलं.”

“म्याडम, आमच्याकडं फोन येतो, ‘लई शिरीयस हाय, निघा.’ तवा माणूस गेल्यालाच असतो.”

शनिवार पेठेनं स्कूटरला किक मारली.

खर्च सगळा बजरंगरावांचा. मांडव, खुर्च्या, प्रवचन, बुंदी. बायकोनं मागितलं त्याच्या दुप्पट ते करत सुटले होते आणि तिच्या नजरेला नजर मात्र देत नव्हते.

दहाव्याला सकाळीच घाट भरला. नगरसेवक व्हायला निघालेले रणजित माईकवर आले. “काक्षीताईंनी गेली कित्येक वर्षं लोडशेडिंगची पर्वा न करता आपल्या भागाला उजेड दिला. स्वभावानं मनमिळाऊ. एवढ्या उंचीवर जाऊन पण गर्व नाही.” मागच्या रांगेत दोन बायका खरोखर रडल्या.

मग पिंड ठेवला. कावळे पलीकडच्या बाभळीवर होते. भरपूर होते. एकही येईना.

“ताई, चौकाला तुमचं नाव देतो!” रणजित ओरडले. एका कावळ्यानं पाठ फिरवली.

“जर्नल वेळेत पूर्ण करू!” पोरं ओरडली. कावळ्यांनी ते अजिबात खरं मानलं नाही.

लोकांनी मॅडमना पुढे ढकललं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, “परवानगीशिवाय लेझर मारणार नाही.” एक कावळा एक फांदी खाली आला, आणि तिथेच बसला.

“कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण बसवतो!” बजरंगराव घसा फोडून सांगत होते. “मोठ्ठी बसवतो! वर्साला सप्ता घालतो! आजून काय पायजे ते सांग, बाई!”

ऊन चढलं. बुंदीवर माशा बसल्या. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. “दर्भाचा कावळा करून शिववतो. मला खराडीला अजून एक आहे.”

“थांबा,” आनंदीबाई म्हणाल्या.

त्या पिंडाशेजारी खाली बसल्या. लुगड्याचा घोळ आवरला. मॅडमना जवळ बोलावलं.

“म्याडम, हिचा उजेड वाटंत कुणी धरून ठिवलाय का?”

“नाही, आनंदीबाई. निघाला तसा येतोय.”

“मग हिचं काय बी राह्यलेलं न्हाई. कावळा अडलाय त्यो दुसऱ्याच कशापायी.”

बजरंगरावांचे हात वरच होते, पुढचं वचन तोंडात तसंच. आनंदीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. जात्याच्या पाळूवरचं पीठ हातानं सारखं करावं, तशा सावकाश बोलल्या.

“अवो, खाली करा हात. आईचा सांगावा घिऊन माणूस आला, तवा मी दाराआडच हुते. वन्सची हळद दळत हुते. तुमी त्याला गूळपाणी दिलं, मागच्या दारानं वाटंला लावलं, समदं ऐकलं म्या. ववी मधीच थांबली तर मांडवाला कळंल, म्हनून म्हनत राह्यले. तुमी मला सांगितलं न्हाई. अन् मला ठावं हाय, ह्ये म्या बी तुमाला कदी सांगितलं न्हाई.”