जे गेलं तेच

माशांच्या टाकीतलं पाणी बदलायची ताईची एक रीत होती, आणि त्या रीतीत तिची माया आणि तिचा हट्ट दोन्ही मावलेले होते. शुक्रवारी संध्याकाळी पिंपात गाळलेलं पाणी भरायचं, त्यात समुद्री मीठ मापून घालायचं, लहानसा पंप सोडून ते सकाळपर्यंत फिरत ठेवायचं. शनिवारी त्यातला थेंब खारेपणा मोजायच्या काचेच्या नळीवर ठेवून नळी उजेडाकडे धरायची. आत रेषा दिसतात. पस्तीस भरलं तर ठीक, चौतीस भरलं तर आणखी चमचाभर. मग पाण्याला टाकीइतकी ऊब द्यायची, टाकीतले पंप बंद करायचे, तळाचा गाळ रबरी नळीने ओढत दहातला एक हिस्सा पाणी काढायचं, आणि तेवढंच नवं, तितकंच खारं, तितकंच कोमट पाणी काचेच्या कडेने हळूहळू सोडायचं.

"पोवळ्यांना कळता कामा नये काही झालंय ते," ताई म्हणायची. "निजलेल्या बाळाखालची चादर काढतात ना, तसं."

टाकी बाहेरच्या खोलीत होती, अण्णांच्या खुर्चीसमोर. आमच्या घरात मी, ताई आणि अण्णा, आमचे वडील. टाकीत मात्र मोठा गोतावळा. मधोमध एक पोवळं होतं, ताईनं नखाएवढं आणलेलं. नऊ वर्षांत ते परडीएवढं झालं. देठं तपकिरी, टोकं हिरवी, शेकडो बोटं पाण्यात डोलायची, जणू कुणी लांबून बोलावतंय. त्या बोटांत केशरी पट्ट्यांच्या माशांचं एक जोडपं राहायचं. अण्णांनी त्यांना लेक-जावई म्हणायला सुरुवात केली होती. "तुम्हा दोघींच्या भरवशावर राहिलो असतो तर जावई बघायला मिळाला नसता," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. ताई डोळे वटारायची. मी हसायचे.

अण्णा कंपाउंडर होते. चाळीस वर्षं एकाच दवाखान्याच्या खिडकीआड उभं राहून त्यांनी औषधं मिसळली, बाटल्यांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या, पुड्या बांधल्या. एकही बाटली चुकली नाही. ही गोष्ट ते कधी स्वतःहून सांगत नसत, पण दुसऱ्यानं सांगितली की खुर्चीत जरा ताठ बसत. आम्ही लहान असताना त्यांनी आम्हाला हाताशी घेऊन एकच नियम शिकवला होता: बाटलीतून जे गेलं तेच भरायचं. घरातली तेलाची बरणी असो, शाईची दौत असो, आम्ही दोघी भांडतानासुद्धा तो नियम म्हणायचो.

निवृत्त झाल्यावरही शेजारच्या काकू दर रविवारी गोळ्यांची पिशवी घेऊन यायच्या. अण्णा चष्मा पुसून सात खणांची डबी भरून द्यायचे. सोमवार सकाळ, सोमवार संध्याकाळ. मान हलवत, ओठांतल्या ओठांत, जात्यावर बसल्यासारखे. काकू म्हणायच्या, "डॉक्टर बदलीन, पण अण्णा बदलणार नाही."

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मला वाटायचं.

ताई घरोघरी जाऊन लोकांना हातापायांचे व्यायाम करवते. त्या कामाच्या प्रशिक्षणाला ती चौदा दिवस गेली. बॅग खांद्यावर, एक पाय चपलेत, एक बाहेर, अशी दारातून सांगत होती, "मोठं पाणी मी आल्यावर बदलेन. तू फक्त भर घालत जा. पाणी काचेवरच्या खुणेखाली उतरलं की खुणेपर्यंत. पिंपं दोन आहेत. काही अडलं तर अण्णांना विचार."

अडलं नाही. अडलं असं मला वाटलंच नाही. एका पिंपावर ताईच्या अक्षरात 'खारं' होतं, दुसऱ्यावर 'गोडं'. टाकीत समुद्र आहे, समुद्र उतरला आहे, तर समुद्रच भरायचा. जे गेलं तेच. रोज सकाळी कामाला निघायच्या आधी खाऱ्या पिंपातलं पाणी मगानं घालत गेले. ते संपलं तेव्हा ताईच्या मापानं दुसरं पिंपभर मीठपाणी स्वतः केलं, आणि मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. अण्णा खुर्चीत पेपर वाचत असायचे. पेपराआडून त्यांना माझा फक्त मग ऐकू येत असेल.

उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ कुठेही जात नाही. शाळेतल्या मुलीला कळावं एवढं हे सोपं, आणि मला कळलं नाही.

बाराव्या दिवशी पोवळ्याची बोटं आत ओढली गेलेली दिसली. टाकीच्या काठावर मिठाचा पांढरा थर बसला होता. मी थेंब नळीवर ठेवून उजेडाकडे धरला. बेचाळीस. मग नळी धुऊन पुसून पुन्हा बघितलं. बेचाळीसच.

तेव्हा मी विचारायला हवं होतं. अण्णा आत दाढी करत होते, चार पावलांवर. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. मी रबरी नळी आत सोडली, टाकीतलं जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी ओढून मोरीत सोडलं, आणि गोड्या पिंपातलं थंडगार पाणी बादल्यांनी ओतलं. अर्ध्या तासात बेचाळीसचे तीस झाले. काठ पुसून घेतला, फरशी पुसून घेतली आणि वेळेवर कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी पोवळ्याचं मांस देठावरून सुटून पाण्यात तरंगत होतं, जुन्या चिंध्यांसारखं. घरभर वास. लेक तळाशी आडवी पडलेली, आणि जावई त्या उघड्या पांढऱ्या देठांत शिरू बघत होता.

ताई आली ती तशीच टाकीसमोर उभी राहिली. बॅग खांद्यावरून उतरवली नाही. रडलीही नाही.

"काय घातलं यात?"

मी म्हटलं, "मी रोज भर घालत होते." इथवर खरं होतं. मग माझ्या तोंडातून पुढचं निघालं. "दुपारी मी कामावर असते. घरात अण्णा असतात."

एवढंच. याहून एक शब्दही मी जास्त बोलले नाही. मुद्रितं तपासणाऱ्या बाईला माहीत असतं, अर्ध्यावर सोडलेलं वाक्य वाचणारा स्वतःच पुरं करतो.

ताईनं वळून अण्णांकडे बघितलं. गेल्या महिन्यात अण्णा दोनदा चष्मा विसरले होते, एकदा नळ चालू ठेवला होता. कुणाच्याही घरात होतं तेवढंच. पण त्या क्षणी ते सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं.

अण्णा खुर्चीतून टाकीकडे बघत होते. मग म्हणाले, "असेल. मीच ओतलं असेल काहीतरी. आठवत नाही मला, पण असेल."

मी तिथंच होते. माझे दोन्ही हात रिकामे होते. मी काही बोलले नाही.

त्यानंतर घरातलं सगळं बदललं, आरडाओरडा न होता. ताईनं औषधांचं कपाट कुलपात घातलं. गॅसजवळ चिठ्ठी लागली: बंद केला का? स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. अण्णा कशालाच नाही म्हणाले नाहीत. उलट ताई काही विचारू लागली की ते तिच्या चेहऱ्याकडे असे बघायचे, जणू उत्तर तिथं लिहिलेलं आहे.

रविवारी काकू आल्या, पिशवी घेऊन. अण्णा दारातच उभे राहिले.

"आता माझ्याकडे नको, वहिनी. मुलाकडून भरून घ्या."

"मुलाला पांढरी आणि पिवळी यात फरक कळत नाही. सरका, आत येऊ द्या."

"माझा हात चुकतो आता," अण्णा म्हणाले, आणि दार लावून घेतलं. काकूंच्या तोंडावर. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाच्या तोंडावर खिडकी लावली नव्हती.

आणि एका संध्याकाळी मी कामावरून लवकर आले, तर आतून अण्णांचा आवाज येत होता. "शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी." मग थांबून, पुन्हा पहिल्यापासून, "शंभर. त्र्याण्णव." डॉक्टर असं विचारतात हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. शंभरातून सात, त्यातून सात. परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या पोरासारखे ते भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि एकही आकडा चुकत नव्हता. मी चपला हातात घेऊन परत जिन्यात गेले आणि अर्धा तास पायरीवर बसून राहिले. जमिनीनं पोटात घ्यावं असं म्हणतात. ती घेत नाही. पायरी गार होती, तेवढंच.

डॉक्टरांच्या वेळेला तीन दिवस होते. शनिवार होता. ताई उरल्यासुरल्या टाकीचं पाणी बदलत होती. एक मासा, चार-दोन बटणाएवढी पोवळी, बाकी दगड. मी नळीचं टोक बादलीत धरलं होतं. अण्णा खुर्चीत.

"ते मी केलं," मी म्हटलं.

"काय?"

"पोवळं. मी मारलं. अण्णांनी टाकीला हातसुद्धा लावला नाही."

ताईनं नळी मुडपून धरली. पाणी थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले, पण रागानं नव्हे.

"अगं वेडे," ती म्हणाली. "त्यांना डॉक्टरांकडे जावं लागू नये म्हणून?"

अण्णाही हसले, किती दिवसांनी. "ही लहानपणापासून अशीच. तू फोडलेली काचेची बरणी हिनंच अंगावर घेतली होती, आठवतं? धाकटे, नको गं. मला कळतंय माझं काय होतंय ते. तू उगाच आळ घेऊ नकोस."

त्यांनी हात पुढे करून माझ्या डोक्यावर ठेवला. त्या हाताखाली मला जेवढी लाज वाटली तेवढी पायरीवरही वाटली नव्हती. खोटं एका अर्ध्या वाक्यात पटलं होतं. खरं अख्खं सांगूनही कुणी घेत नव्हतं.

"ऐका," मी म्हटलं. "बारा दिवस. रोज सकाळी. खाऱ्या पिंपातलं. पिंप संपलं तेव्हा मी दुसरं केलं, मिठाची नवी पिशवी फोडून. बेचाळीस झालं. मग घाबरले आणि गोडं ओतलं, थंड, सगळं एकदम. तीस झालं."

ताईनं मुडपलेली नळी सोडली नाही. "रोज खारं? का?"

"उतरलं तेवढं भरायचं म्हणालीस. जे गेलं तेच."

अण्णांचा हात माझ्या डोक्यावरून निघाला. ते पुढे झुकले, गुडघ्यांवर कोपरं टेकून, आणि त्यांच्या कपाळावर मी विसरलेली एक आठी आली, दवाखान्याच्या खिडकीतली.

"खारं घातलं?" ते म्हणाले. "उडालेल्या पाण्याच्या जागी? अगं, बाटलीचं बूच उघडं राहिलं तर औषध आटतं आणि तोंडाशी खडे धरतात. आटलेल्यात कुणी औषध भरतं का? पाणी घालायचं असतं. तो नियम बूच लावलेल्या बाटलीचा." ते थांबले. मग हळू, एकेक शब्द हातात घेऊन बघावा तसं म्हणाले, "मी असतो तर गोडंच घातलं असतं. झोपेत असतो तरी."

"हो," मी म्हटलं.

"म्हणजे मी काही ओतलंच नाही."

"नाही."

"आणि मला आठवत नव्हतं, कारण आठवायला काही नव्हतंच."

मी मान खाली घातली. ताई उठली, आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. बादलीतलं पाणी हलत होतं. मला वाटलं, अण्णा ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तू तेव्हा इथंच उभी होतीस," ते म्हणाले. "मी 'असेल' म्हणालो तेव्हा."

"हो."

"ते पाणी आधी पुरं कर. बाहेर काढलंय तेवढं आत जाऊ दे. पंप बंद आहेत, मासा खोळंबलाय."

मी पुरं केलं. पस्तीस, कोमट, काचेच्या कडेनं. त्यांनी मदत केली नाही. शेवटचा मग झाला तेव्हा म्हणाले, "आता काकूंकडे जा. त्यांना मी सांगणार नाही. तू सांगायचं."

काकूंनी दार उघडलं, खांद्यावर टॉवेल, हातात चमचा. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. अण्णांचा हात चुकला नव्हता. माझा चुकला, आणि मी तो त्यांच्यावर ढकलला.

काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन आठवडे मी पांढरी सकाळी आणि पिवळी संध्याकाळी घेतेय, अंदाजानं, ते तुझ्यामुळे."

"हो."

"बरोबर आहे का तसं?"

"मला माहीत नाही, काकू."

"तुला कसं असणार." त्या आत गेल्या, पिशवी घेऊन आल्या. मी हात पुढे केला. त्यांनी पिशवी छातीशी धरली. "तुझ्याकडे नाही देत. त्यांना बोलाव."

मी परत येऊन दारात उभी राहिले आणि म्हटलं, "अण्णा, काकू बोलावतायत." ते खुर्चीतून उठले. शर्टाची बाही ओढून नीट केली, खिशातून चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. जिन्याची जागा अरुंद आहे, दोघं एका वेळी मावत नाहीत. मी भिंतीला टेकून वाट दिली. ते माझ्या अंगाला लागूनच गेले, माझ्याकडे न बघता, आणि काकूंच्या दारात पोचताच मला त्यांचा आवाज ऐकू आला, "पिवळी कुठली म्हणालात? दाखवा आधी."