अकरा विती

तांबड्या पेनाचं ते वर्तुळ घाईत काढलेलं, खाली शेपूट राहिलेलं, आणि त्याच्या आत दिव्याच्या अक्षरातला अकरा. वर लिहिलं होतं, कॉटची लांबी. आई, नऊ विती. पप्पा, अकरा विती. बाजूला बाईंचा शेरा — मोठ्या हाताच्या विती कमी भरतात, पुन्हा मोजून आण.

ज्योतीरामने वही डाव्या हातात धरली होती. उजवा सवयीने पायजम्याच्या खिशात. गुरुवार, कंपनीला सुट्टी, बायको सुप्रिया शिवणाच्या दुकानात गेलेली, काळेवाडीतल्या त्या दोन खोल्यांत फक्त बाप-लेक, आणि लेकीची दुसरीची शाळा बाराची. बाईंचं तसं बरोबरच होतं. त्याचा पंजा सुप्रियापेक्षा चांगला मोठा — होता. पाच वर्षांपूर्वी चाकणच्या एका शेडमध्ये प्रेस मशीनखाली उजव्याची करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं गेली, तेव्हा दिव्या दोन वर्षांची... तिला त्याआधीचा हात आठवत नाही, आणि त्याला दुसरं काही आठवत नाही.

कधी मोजलं, असं त्याने विचारलं. परवा तो तिसऱ्या शिफ्टवरून येऊन झोपला होता तेव्हा, ती म्हणाली. आईचा शिवायचा दोरा घेतला, अंगठ्यापासून शेवटच्या बोटापर्यंत ताणला, आणि मग तो दोरा कॉटवर अकरा वेळा ठेवला. म्हणजे झोपेत हात खिशाबाहेर येतो तर, त्याला वाटलं, आणि उगाच ओशाळल्यासारखं झालं.

तो वह्या चाळत राहिला. मराठीच्या वहीत 'माझे कुटुंब', खाली चित्र — आईच्या हातात पिशवी, बापाचे दोन्ही हात खिशात. त्या चित्राला बाईंनी चांदणी दिली होती आणि याचा जीव भांड्यात पडला होता. कसला बाप म्हणायचा हा! इंग्रजीत वन-टू बोटांवर शिकवायची वेळ आली तेव्हा ओव्हरटाइमची थाप मारून तो बाहेर जाऊन बसला होता, चहाच्या टपरीवर, अर्धा तास... पोरगी टेनपर्यंत आईच्याच बोटांवर शिकली.

त्याने डावा हात कॉटवर पसरला. या हाताने मोज, म्हणाला. तिने मोजलं. आठ आणि वर थोडी. आता बाई बरोबरची खूण करतील, प्रश्न मिटला, वही बंद. दिव्याने खोडरबर काढला, अकरावर टेकवला, आणि तशीच थांबली.

"काय करालीस?" त्याने विचारलं.

"पण मी चुकले कुठं?" ती म्हणाली. "जिथं तुमचा हात संपतो तिथंच मी दोरा तोडला होता, पप्पा."

आवाजात रडू नव्हतं. शब्दाला अर्धा मार्क कापला तर भांडते तशी बोलली. ज्योतीरामला ते लागलं. हात आखूड म्हणून नव्हे — त्याचं रडून झालं होतं, इस्पितळातच — तर ही पोरगी आता आपल्या हाताने बरोबर उत्तर खोडणार आणि जन्मभर समजणार की तिला मोजता येत नाही, आणि तेही कशापायी, तर बापाच्या खिशापायी...

"खोडू नको," तो म्हणाला.

"मग बाईंना काय सांगू?"

"मी येतो की शाळेत. मी सांगतो."

बोलून गेला खरा. आणि लगेच डोळ्यांपुढे शाळेचं फाटक, पालकांची गर्दी, बाईंची नजर आधी हातावर जाणार, मग घाईने भिंतीवर — हे सगळं त्याला पाठ होतं. तो नेहमीच्या शरमेची वाट पाहत कॉटच्या कडेवर बसून राहिला. ती आली, नाही असं नाही. पण आज तिच्यापुढे दुसरंच काहीतरी उभं होतं, बरोबर उत्तराला चूक म्हटल्याचा राग... आणि तो बाईंवरचा की स्वतःवरचा, हे काही केल्या त्याला कळत नव्हतं, आणि बारा वाजत आले होते.