लाल खुणेतून

ढब्बूने उजवा गुडघा सीटमध्ये रोवला, अंगाचा सगळा भार त्यावर टाकला आणि गाडीचा पट्टा कचकचून ओढला. मग गुडघा काढून त्याने दोन्ही हातांनी ती लहान मुलांची सीट हलवली. सीट वीतभर दाराकडे सरकली.

"नाही सर," तो म्हणाला. "गाडीच जुनी आहे. हिच्यात नाही बसायची."

मास्तर दाराला टेकून उभे होते. गेले काही रविवार हेच वाक्य त्यांनी ऐकलं होतं. पहिल्यांदा पट्टा आखूड पडतोय असं निघालं, तेव्हा मास्तरांनी जुन्या गाड्यांच्या बाजारात हिंडून लांब पट्टा आणला. मग मागच्या बाकाचा फोम बसका निघाला. तो बदलून घेतला. मग ढब्बू म्हणाला की जुन्या गाड्यांचे पट्टे ओढल्यावर अडकून राहत नाहीत, आपोआप सैल होतात. मास्तरांनी त्यावरही उपाय शोधला: पट्टा जागच्या जागी आवळून धरणारी एक लोखंडी पकड. आज ती लावून झाली, आणि सीट तरीही वीतभर सरकली.

उद्यापासून बालवाडी सुरू होणार होती. दुपारी सुटल्यावर नातीला आणायचं आणि लेक कामावरून येईपर्यंत आपल्याकडे ठेवायचं, असं मास्तरांनी कधीपासून मनाशी ठरवलं होतं. अंगणाकडच्या खोलीत त्यांनी बुटकं टेबल आणून ठेवलं होतं, भिंतीला तिच्या उंचीवर फळा लावला होता. लेकीची अट एकच होती. "बाबा, आधी सीट घट्ट बसवून दाखवा. नाही जमलं तर ती संध्याकाळपर्यंत पाळणाघरात राहील." अट रास्त होती. मुलांच्या बाबतीत कोणी काटेकोर असलं की मास्तरांना बरंच वाटायचं.

ढब्बू हा मास्तरांचा विद्यार्थी. आता कोपऱ्यावर त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, डोक्यावरचे केस गेले होते, पण वर्गातलं नाव तेवढं चिकटून राहिलं होतं. त्याला तेव्हा फळ्यापाशी बोलावलं की उत्तर येत असूनही तो गप्प उभा राहायचा आणि त्याचे कान लाल व्हायचे. मास्तर थांबायचे. घाई केली की हे पोर मिटतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"दुसरी एखादी गाडीच घ्या सर," ढब्बू हात पुसत म्हणाला. "ही म्हातारी आता पेन्शनीत काढा."

"म्हातारीचं सगळं शाबूत आहे. तूच तर दर वर्षी सांगतोस."

ढब्बू हसला, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं.

मास्तरांची नात मुंगी एवढा वेळ पायरीवर बसली होती. घरातली कुठलीही वस्तू उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची खोड, म्हणून हे नाव. आता ती कापडी ससा काखेत मारून गाडीपाशी आली. सीटशी हात कसा मिळवायचा हे आजोबांनी तिला शिकवलं होतं. सीटचा काठ धरायचा आणि जोरात हलवायचा. सीट हलली, तर गाडी सुरू करायची नाही, मग गाडीत कोणीही बसलेलं असो. तिने हात मिळवला. सीट सरकली. तिने नाक मुरडलं आणि वाकून पट्टा कुठून गेलाय ते पाहिलं.

"काका, तू निळ्या खुणेतून घातलास."

"हं?"

"निळी खूण तान्ह्या बाळांची. मागे तोंड करून बसतात ना, त्यांची. मी मोठी आहे. माझी लाल." तिने सीटच्या पाठीमागची लाल पट्टी बोटाने दाखवली. "आईच्या गाडीत तू लाल खुणेतून घातला होतास."

ढब्बूच्या हातातलं फडकं थांबलं.

मास्तरांनी सीटकडे पाहिलं. आजवर ते पट्ट्याची लांबी, बाकाचा उतार, फोमची जाडी बघत राहिले होते. पट्टा कुठून ओवायचा हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. ते ढब्बूचं काम होतं, आणि ढब्बूचं काम तपासायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"लाल खुणेतून घाल बघू," ते म्हणाले.

ढब्बूने पट्टा सोडला, सीटच्या पाठीमागून ओवला, पकड लावली, गुडघा रोवून ओढला. या खेपेला हात कुठे अडखळले नाहीत. मास्तरांनी सीट धरून हलवली. गाडी हलली. सीट जागची हलली नाही.

आनंद व्हायला हवा होता. मास्तरांची नजर मात्र ढब्बूच्या कानांवर गेली. एवढ्या वर्षांनीही ते तसेच लाल झाले होते.

ते थांबले.

"हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," शेवटी ते म्हणाले.

ढब्बूची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली आणि लगेच परत आली. खिडकीत लेक उभी होती. तिच्या हातात पुसायला घेतलेलं भांडं होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मग ढब्बू पुटपुटत, जमिनीकडे बघत सांगत गेला. डावं दार फाटकाच्या खांबाला घासून त्यावर चुना लागला होता, तो ओरखडा त्याने घासून काढला होता. सरांनी लेकीला सांगू नकोस म्हटलं, म्हणून सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा ओरखडा आला तेव्हाही नव्हतं सांगितलं. पण नंतर सर त्याच्याच गॅरेजसमोरून गाडी घेऊन गेले, डावीकडून येणाऱ्या सायकलवाल्याने उडी मारून स्वतःला वाचवलं, आणि सर सरळ पुढे गेले. त्यांना काही कळलंच नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या, बाबांना तोंडावर कसं सांगू? सीट बसत नाही म्हटलं की मुंगीला गाडीतून आणायचं ते आपणच सोडून देतील.

"आणि तू हो म्हणालास."

"तुम्हाला तोंडावर नाही म्हणायला मला कधी जमलंय का सर?"

मास्तरांना सायकल आठवेना. आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. आठवला तो जुन्या गाड्यांचा बाजार, उन्हात हिंडून शोधलेला पट्टा, आणि ती पकड मिळाल्यावर रस्त्यातूनच ढब्बूला केलेला फोन. "वा सर," तेव्हा तो म्हणाला होता.

लेक बाहेर आली. ढब्बूकडे न बघता ती सरळ गाडीपाशी गेली, वाकली आणि सीट हलवून पाहिली. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाकडे बघावं तसे, अजिबात घाई न करता. तिला उत्तर येत होतं. एकदा तिने ते मोठ्याने म्हटलं असतं, तर त्यांनी तिथल्या तिथे मनातलं सगळं पुसून टाकलं असतं.

"बाबा," ती म्हणाली, "थोडी हलतेय अजून."

"नाही हलत," मुंगी म्हणाली. पुढे होऊन तिने दोन्ही हातांनी सीटशी हात मिळवला. "बघ. नाही हलत. हो ना आजोबा?"

मुंगी आजोबांच्या तोंडाकडे बघत होती.

"तुझं बरोबर आहे," मास्तर तिला म्हणाले. "सीट हलत नाही."

मग लेकीकडे वळून, आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "कुठल्या डोळ्याला दिसत नाही, डाव्या की उजव्या, तेही सांगितलं असेल यानं?"

लेकीने मान खाली घातली. ढब्बूने हत्यारं पिशवीत भरायला घेतली. जाताना तो नेहमीसारखा "येतो सर" म्हणाला. मास्तरांनी नेहमीसारखं "ये" म्हटलं नाही.

मुंगी तोवर सीटमध्ये चढून बसली होती. सशालाही तिने आपल्याबरोबर पट्ट्यात घेतलं होतं. "चला ना आजोबा. एक चक्कर."

मास्तरांनी खिशातून किल्ली काढली. पुढचं दार त्यांनी उघडलं नाही. गाडीला वळसा घालून ते मागच्या बाकावर, मुंगीच्या डाव्या बाजूला बसले आणि दोन्ही सीटांच्या मधून किल्ली पुढे धरली.

लेक कितीतरी वेळ अंगणातच उभी होती. मग ती येऊन चाकामागे बसली, किल्ली घेतली, आरसा आपल्या उंचीला जुळवला. आरशात वडील दिसले तेव्हा तिने नजर रस्त्यावर नेली.

"बाबा, मी सांगणारच होते."

"फाटकापाशी जपून," मास्तर म्हणाले.

मुंगी हात लांब करून त्यांच्या पट्ट्याशी खटपट करत होती. "आजोबा, तुमचा सैल आहे."

"दे ओढून."

तिने जीभ बाहेर काढून ओढला. पट्टा छातीवर आवळला गेला. गाडी मागे निघाली. मास्तर मान न वळवता समोर बघत बसले. डावीकडचा खांब आता गेला असावा. काही घासल्याचा आवाज आला नाही.