चष्मेवाल्यांच्या हातातले नाणे

मित्रांनो, माझा चेहरा तुम्हाला नीट दिसणार नाही. उजेडात तिरके धरलेत, तर एका राजाचे नाक आणि मुकुटाची थोडी कड सापडेल. मी एक जुने चांदीचे नाणे आहे. बाजारात या हातातून त्या हातात फिरून झिजलो असतो, तर मला त्याचे वाईट वाटले नसते. नाण्याचा जन्मच त्यासाठी असतो. पण मी झिजलो तो बाजार सुटल्यावर, एका घरात, आणि तेही ज्याने मला जिवापाड जपले त्याच्याच हातून.

माझा जन्म टांकसाळीतला. चांदीच्या पट्टीतून एक गोल चकती कापली गेली, वरून ठसा आदळला आणि एका दणक्यात मला चेहरा मिळाला. एका बाजूला दाढीवाला राजा, दुसऱ्या बाजूला गव्हाच्या लोंब्या. बाजारात राजाकडे कुणी पाहत नसे. दुकानदार मला दगडावर आपटत आणि मी खणखणीत वाजलो की गल्ल्यात टाकत. कोळसेवाल्याच्या काळ्या मुठीतून मी पावाच्या भट्टीवाल्याच्या पिठाळ हातात जाई, तिथून आणखी कुणाच्या कनवटीला. पुढे कागदी नोटा आल्या आणि माझे चलन बंद झाले. चलन बंद झालेल्या नाण्याला ना सासर, ना माहेर. फिरत फिरत मी एका भंगारवाल्याच्या डब्यात, गंजलेली कुलपे आणि वाकड्या खिळ्यांच्या संगतीत येऊन पडलो.

तिथून मला उचलले ते चष्मेवाल्यांनी. त्यांचे चष्म्यांचे छोटेसे दुकान होते आणि काचा ते स्वतः घासून बसवत. सारा जन्म काचेवर चरा पडू नये म्हणून धडपडण्यात गेलेला हा माणूस. त्यांनी मला डब्यातून काढले ते दोन बोटांनी, कडेला धरून. मला तसे आजवर कुणीच धरले नव्हते.

घरी आणल्यावर मला वाटले, आता आपली चामडी सोलली जाणार. भंगारवाला विटेच्या चुऱ्याने भांडी घासताना मी पाहिला होता. पण चष्मेवाल्यांनी मला काचेच्या वाटीत शुद्ध पाण्यात ठेवून दिले. माती आपोआप सुटली. मग मऊ सुती फडक्याने त्यांनी मला टिपले, पुसले नाही. कोऱ्या कागदाच्या पाकिटात घालून मला एका डब्यात ठेवले. त्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या होत्या. माझ्यासारखी कितीतरी नाणी तिथे सुखाने पहुडली होती. त्यांत माझ्याच ठशाची आणखी दोन होती.

एकदा शेजारचे शिंपी संग्रह पाहायला आले. मला पाहून त्यांनी तोंड वाकडे केले.

"अहो, एवढं काळं ठेवलंय? जरा सोडा लावून घासा की! आरशासारखं होईल."

"आरसा आहे माझ्या घरात. त्यात मीच दिसतो. मला राजा बघायचाय," चष्मेवाले म्हणाले. "आणि हा मळ नव्हे हो. ही चांदीनं स्वतःच विणलेली शाल आहे. ओढून काढली की चांदी उघडी पडते, आणि दरवेळी थोडी थोडी झिजते."

मित्रांनो, त्या दिवशी मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! ही नाणी आपली नव्हेत, आपण नुसते राखणदार, असे ते नेहमी म्हणत. आपल्यानंतर ती संग्रहालयात जावीत, एवढीच त्यांची इच्छा होती.

पुढे त्यांनी दुकान बंद केले, आणि हळूहळू त्यांना विसर पडू लागला. आधी पाकिटे चुकीच्या कप्प्यात जाऊ लागली. मग एके दिवशी ते आपल्या पत्नीलाच विचारू लागले, "दुकानाची किल्ली कुठे ठेवलीस?" गल्लीतली मुले त्यांच्या पत्नीला चष्मेवाल्या काकू म्हणत, काकूंनी स्वतः कधी चष्मा लावला नव्हता तरी. काकू हसून म्हणाल्या, "दुकान विकलं की आपण." तरी ते खण उघडून किल्ली शोधू लागले, आणि काकूंचे हसू मावळलेले मी पाहिले.

एका दुपारी काकू भाजी घेऊन परत आल्या, तर चष्मेवाले मोरीपाशी उभे. एका हातात भांडी घासायचा काथ्या, दुसऱ्या हातात नाणे. ते माझ्या डब्यातले सगळ्यात जुने नाणे होते. ते नव्या पत्र्यासारखे लखलखत होते, आणि त्यावरची अक्षरे गेली होती.

"अहो! हे काय केलंत?"

"काळं झालं होतं," ते रागाने म्हणाले. "माझ्या नाण्यांना हात कुणी लावला?"

काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली. त्या आठवड्यात आणखी तीन नाणी तशीच गेली. काकूंनी आपल्या मुलीला बोलावून घेतले. ती आली, तिने डबा कपाटात ठेवला आणि कुलूप लावले.

आता नाणी वाचली, पण चष्मेवाले हरवले. दिवसभर ते खण उघडत, गाद्या उलटत. जेवायला बसत आणि घास तसाच टाकून उठत. "चोर आहेस तू," असे ते काकूंना म्हणाले. ज्या बाईने त्यांच्या सोबतीने आयुष्य काढले, तिला!  काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तो तसाच वाहू दिला.

मुलीने एक युक्ती केली. लोखंडी चकती आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांत फिरवली आणि भिंतीवर फेकली.

"हे नाणं आहे? मला काय वेडा समजतेस?"

डोके विसरले होते, बोटे विसरली नव्हती.

"आई, एखादं खरंच द्यावं लागेल," मुलगी हळूच म्हणाली. "साधंसं दे. ज्याच्या जोडीला दुसरं आहे, असं."

कपाट उघडले. तीन सारख्या पाकिटांतून काकूंनी एक उचलले. ते माझे होते. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला फार राग आला. मीच का? मी तिघांमधला एक, म्हणून मी नसलो तरी चालेल? काकूंनी मला कडेला धरले, जसे त्यांना शिकवले होते तसेच, आणि पुटपुटल्या, "माफ कर रे बाबा."

तेव्हापासून रोज दुपारी मी खिडकीजवळच्या टेबलावर येतो. पुढे पुढे माझ्यावर काळे उरले नाही, तरी चष्मेवाले मला पाहतात आणि विचारतात, "कुणी काळं केलं हे?"

"मी केलं," काकू म्हणतात. "चुकलंच माझं. कराल ना साफ?"

"करतो. पण पुन्हा हात लावू नकोस."

काकूंनी काथ्या आणि सोडा लपवून ठेवला आहे. आता नुसते पाणी आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा. तरीही रोजचे घासणे ते घासणेच. वर्षे सरली तशी आधी राजाची दाढी गेली. मग लोंब्या पुसल्या. घासताना मात्र चष्मेवाल्यांचा चेहरा शांत असतो. त्यानंतर ते पोटभर जेवतात.

एके दिवशी घासता घासता त्यांचा हात थांबला. त्यांनी मला उजेडात धरले आणि खूप वेळ पाहिले.

"चांदी घासू नये," ते म्हणाले. मग त्यांनी राजाच्या गेलेल्या दाढीवरून बोट फिरवले. "अगं, हे मी केलं?"

काकू धावत आल्या. 

"बाकीची? बाकीची कुठे आहेत?"

"कपाटात आहेत. सगळी नीट आहेत."

"किल्ली मला देऊ नकोस. मी मागितली, रडलो, तुला वाटेल ते बोललो, तरी देऊ नकोस."

"नाही देणार."

त्यांनी मान हलवली, काकूंचा हात धरला आणि डोळे पुसले. असे ते थोडाच वेळ बसले होते. मग त्यांची नजर पुन्हा माझ्यावर गेली आणि त्यांनी फडके उचलले.

पुढच्याच महिन्यात संग्रहालयाची माणसे आली. माझी भावंडे पेटीत बसून निघून गेली. चष्मेवाले दारात उभे होते. "जपून न्या हो. कुणाची आहेत?" त्यांनी विचारले. "एका मोठ्या जाणकाराची," मुलगी म्हणाली, आणि तोंड फिरवून उभी राहिली. तिकडे काचेमागे मंद उजेडात, शाल पांघरून माझी भावंडे बसली असतील. त्यांचा हेवा वाटत नाही, असे मी म्हणणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात जुने चांदीचे नाणे सापडले, तर त्याला सोडा, राख, दंतमंजन काही लावू नका. कडेला धरा, पाण्यात ठेवा, हलक्या हाताने टिपा आणि कोरड्या जागी जपा. त्याचा काळेपणा त्याला राहू द्या. आणि घरातले कुणी जुने माणूस असेच काही घासत, शोधत, विसरत बसले असेल, तर ते त्याच्या हातून हिसकावून घेऊ नका. त्याच्या बोटांना धरायला काहीतरी खरे लागते.

आता मी पातळ झालो आहे. दगडावर आपटले, तर खणखणीत वाजेन याची मला खात्री नाही. अजून किती दुपारी पुरेन, तेही ठाऊक नाही. पण चष्मेवाल्यांच्या आधी संपायचे नाही, एवढे मी ठरवले आहे.