कोटातला माणूस

मी बुजगावणं बोलतोय. दचकू नका. म्हणजे दचकलात तर मला बरंच वाटेल, पण त्याचं कारण शेवटी सांगतो.

दोन वासे, पोत्याचं डोकं आणि आत पेंढा, एवढाच माझा संसार. नदीकडच्या खालच्या शेतात मालकांनी मला उभं केलं आणि स्वतःचा तपकिरी कोट माझ्या अंगात घातला. पाखरं त्या कोटाला ओळखून होती. सगळा जन्म मालक त्याच कोटात बाह्या हलवत, "हाऽऽ हाऽऽ" ओरडत त्यांच्यामागे धावले होते. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांची जागा मला मिळाली.

त्याच वर्षी सरकारी योजना आली. शेत नांगरायचं नाही, गवत वाढू द्यायचं, म्हणजे टिटव्या तिथे जमिनीवर अंडी घालतील. त्याबद्दल दरवर्षी अनुदान. मालक पोट धरून हसले. "जन्मभर हाकललं, आता पगारी पाहुणचार!" त्यांनी अर्ज केला आणि अनुदान सुरू होण्याआधीच ते गेले.

त्या दुःखात मला काढायचं कुणाला सुचलंच नाही.

मालकीणबाई रोज संध्याकाळी यायच्या, कोटाची बटणं नीट लावायच्या. "अहो, वरच्या खोलीची खिडकी परत लागत नाहीये," असलं काहीबाही सांगायच्या. खरं सांगतो, तेव्हा कोटात मी एकटा नसायचो. वारा पडलेला असताना उजवी बाही हलायची. दुसऱ्यांना भिववणं हा माझा धंदा, पण मी मात्र पेंढ्यापर्यंत गारठायचो.

टिटव्या वरून घिरट्या घालत, ओरडत आणि निघून जात. योजनेच्या पाहणीला आलेल्या सरकारी बाईंनी कपाळाला हात लावला.

"काकू, पाखरांसाठी अनुदान घेता, आणि त्यांना हाकलायला हा माणूस उभा केलाय?"

"माणूसच आहे तो," मालकीणबाई म्हणाल्या. "माझा."

बाईंनी हातातली वही मिटली. "पुढच्या वेळी घरटी दिसली नाहीत तर अनुदान बंद होईल हो."

मालकीणबाईंची लेक जवळ आली. "आई, अनुदान थांबलं तर हे शेत विकावं लागेल. बाबांचा कोट काढूया ना."

मालकीणबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःच कोट काढला आणि स्वतःच्या अंगात घातला.

पुढच्या हंगामात टिटव्या आल्या. एकीने तर माझ्या पायाशीच अंडी घातली. अनुदान चालू राहिलं. संध्याकाळी तो कोट बांधावर दिसला की सगळा थवा किंचाळत उठायचा. मालकीणबाई रडत रडत हसायच्या. "बघा, अजून घाबरतात तुम्हांला!" आणि समाधानाने तिथूनच माघारी फिरायच्या.

मग एका संध्याकाळी कोट बांधावर आला आणि एकही पाखरू उठलं नाही.

त्या थांबल्या. बाह्या हलवल्या. "हाऽऽ हाऽऽ" अशी मालकांसारखी हाक दिली. माझ्या पायाशी बसलेल्या टिटवीने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा अंड्यांवर सावरून बसली.

"अहो," मालकीणबाई म्हणाल्या. मग बाह्या खाली सोडून म्हणाल्या, "गेलात म्हणायचं तर."

पिल्लं उडून गेल्यावर त्यांनी कोट मला परत घातला. आता पाखरं माझ्या खांद्यावर बसतात. वाऱ्याशिवाय बाही हलत नाही. तेव्हा भ्यायचो, आता वाट बघतो.

या वाटेने कधी गेलात आणि शेतात कुणीतरी उभं आहे असं वाटलं, तर लगेच हसू नका. एकदाच दचका. मालकीणबाई बांधावर बसलेल्या असतात. त्यांना ते दिसेल.